मुद्रणसज्ज फाईल आणि जुना संगणक

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



चळवळीचा आणि छापखान्याचा संबंध जुना आहे. पत्रक, जाहीरनामा, सभेचे हँडबिल, पक्षाचे साप्ताहिक ही कार्यकर्त्याच्या हातातील अवजारे होत. आणि अवजार कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न समाजवादी विचाराने कधीच गौण मानलेला नाही. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात वृत्तपत्रांवर पूर्वतपासणी लादण्यात आली. १९७६ च्या आक्षेपार्ह मजकूर प्रतिबंधक कायद्याने छापखान्यांकडून अनामत मागण्याचा व प्रसंगी छापखाना सरकारजमा करण्याचा मार्ग खुला झाला. अशा वेळी भूमिगत कार्यकर्त्यांनी सायक्लोस्टाईलचा आश्रय घेतला. मेणकागदाचे स्टेन्सिल, शाई आणि हाताने फिरवायचे यंत्र एवढ्या सामग्रीवर पत्रके निघाली. ते यंत्र ओबडधोबड होते. परंतु ते कोणालाही दुरुस्त करता येत होते, आणि ते जुने झाले म्हणून त्याच्या निर्मात्याला ते दुरून निकामी करता येत नव्हते.

आज सायक्लोस्टाईलची जागा संगणकाने घेतली आहे. तालुक्याच्या अनेक कार्यालयांत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा एखादा संगणक कोपऱ्यात धूळ खात पडलेला असतो. ‘त्यावर आता काही होत नाही’ असे म्हणून पत्रकाचा मजकूर बाहेरच्या डीटीपीवाल्याकडे जातो, किंवा नवा संगणक घेण्यासाठी वर्गणीचा विषय निघतो. वस्तुतः साध्या मजकुराचे पत्रक छापखान्यात नेण्याजोगे करण्यास तो जुना संगणक पुरेसा असतो. तो अपुरा का वाटतो, या प्रश्नाचे उत्तर तंत्रज्ञानात थोडे आणि अर्थशास्त्रात अधिक सापडते. त्याचा विचार येथे करावयाचा आहे.

पान कशाने मोडते?

कार्यालयातील पडद्यावर पत्रक सुबक दिसते. छापखान्यातील पडद्यावर तेच उघडले की ओळी सरकलेल्या असतात, चौकट दुसऱ्या पानावर गेलेली असते आणि जोडाक्षरे फुटलेली असतात. याचे कारण असे की, लेखनप्रणालीच्या फाईलमध्ये छापील पान नसतेच. तिच्यात मजकूर आणि तो कसा मांडावा याच्या सूचना असतात. अक्षरांचे साचे त्या फाईलमध्ये सहसा नसतात. ते त्या त्या संगणकातून घेतले जातात. म्हणून प्रत्येक संगणक ते पान नव्याने जुळवितो, आणि साचा मिळाला नाही तर हाताशी असेल तो दुसरा वापरतो.

खिळ्यांच्या छपाईच्या काळाशी तुलना केली तर हे चटकन उमजेल. हस्तलिखित जुळाऱ्याकडे जाई. दोन जुळाऱ्यांनी जुळविलेली पाने कधीही तंतोतंत सारखी होत नसत. मात्र एकदा पाने चौकटीत आवळून फर्मा बांधला की तो कोणत्याही यंत्रावर चढविला तरी छाप एकच उठे. लेखनप्रणालीची फाईल म्हणजे हस्तलिखित होय आणि मुद्रणसज्ज फाईल, म्हणजे ज्याला पीडीएफ म्हणतात ती, आवळलेला फर्मा होय. तिच्यात अक्षरांचे साचे, ओळींच्या जागा आणि चित्रे ही सर्व एकत्र बांधलेली असतात.

मराठीच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. युनिकोड या जागतिक संकेतात देवनागरीचा समावेश १९९१ मध्ये, त्याच्या पहिल्याच आवृत्तीत झाला. परंतु सामान्य संगणकांवर तो रुळण्यास दीर्घ काळ लागला. तोपर्यंत डीटीपीच्या धंद्यात निरनिराळ्या कंपन्यांच्या अक्षरसंचांचे राज्य होते. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसविलेले असत आणि एका कंपनीचा संकेत दुसरीस चालत नसे. तो विशिष्ट संच संगणकात नसेल तर मजकुराऐवजी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक रांग दिसते.

युनिकोड आल्यावरही एक अडचण उरली. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’, ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ या शब्दांतील भेद ज्या अर्ध्या ‘र’वर अवलंबून आहे, तो मराठीचा विशेष आहे. साचा बदलला की हा ‘र’ पाय मोडून सुटा पडतो किंवा त्याचा रफार होतो. चळवळीच्या पत्रकांत सर्वाधिक येणारे शब्द कोणते? ‘शेतकऱ्यांच्या’ आणि ‘कर्मचाऱ्यांच्या’. ज्यांच्यासाठी पत्रक काढायचे त्यांचेच नाव मथळ्यात मोडलेले छापून यावे, ही केवळ शुद्धलेखनाची चूक राहत नाही. वाचणाऱ्याला ती बेफिकिरी वाटते.

गुपित ते सार्वजनिक प्रमाण

हा आवळलेला फर्मा सार्वजनिक कसा झाला, याचा इतिहास उद्बोधक आहे. जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्के हे अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रात काम करीत होते. पानाचे वर्णन करणारी, कोणत्याही मुद्रकयंत्रास समजेल अशी भाषा त्यांच्या गटाने तयार केली. कंपनीने ती खुली करण्यात उत्साह दाखविला नाही. १९८२ मध्ये दोघांनी बाहेर पडून ॲडोबी कंपनी काढली आणि १९८४ मध्ये ‘पोस्टस्क्रिप्ट’ ही भाषा बाजारात आणली. १९८५ मध्ये ॲपल कंपनीचे लेझर मुद्रकयंत्र ही भाषा घेऊन आले. त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती.

भाषेचे वर्णन ॲडोबीने छापून प्रसिद्ध केले, परंतु उत्तम प्रतीच्या अक्षरसाच्यांची रचना मात्र गुपित ठेवली. मक्तेदारीचा नफा त्या गुपितात होता. १९८९ मध्ये ॲपल आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एकत्र येऊन प्रतिस्पर्धी साचा पुढे आणण्याचे जाहीर केले, तेव्हा कोठे ॲडोबीने १९९० मध्ये आपली रचना प्रसिद्ध केली. १९९३ मध्ये पोस्टस्क्रिप्टच्या पायावर पीडीएफ आली. २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय प्रमाणसंघटनेच्या स्वाधीन झाली आणि तिचे वर्णन हे जागतिक प्रमाण ठरले. २०२३ पासून त्या प्रमाणाची नवी आवृत्ती विनामूल्य मिळू लागली.

या घटनाक्रमाचे श्रेय भांडवलदारांच्या औदार्यास देण्याचे कारण नाही. ज्यात सर्वांचे कागद अडकले आहेत असे प्रमाण एका कंपनीच्या मुठीत राहणे इतर कंपन्यांना, सरकारांना आणि छपाईच्या धंद्याला परवडणारे नव्हते. त्याच वेळी दुसऱ्या बाजूने एक वेगळा प्रवाह वाहत होता, आणि त्याचा उगमही एका मुद्रकयंत्रापाशीच आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेस झेरॉक्सकडून एक लेझर मुद्रकयंत्र मिळाले. त्यात कागद वारंवार अडके. रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरने आधीच्या यंत्राच्या प्रणालीत कागद अडकल्याची वर्दी देण्याची सोय केली होती. नव्या यंत्राच्या प्रणालीचा मूळ मजकूर मात्र त्यास नाकारण्यात आला, कारण ज्याच्याकडे तो होता त्याने गुप्ततेचा करार केला होता. सहकाऱ्याने सहकाऱ्याला मदत करणे करारभंग ठरावे, या अनुभवाने त्याच्या विचाराला दिशा दिली आणि १९८३ मध्ये त्याने मुक्त प्रणालींचा ‘ग्नू’ प्रकल्प जाहीर केला. १९८८ मध्ये पीटर डॉईश याने पोस्टस्क्रिप्ट समजणारी ‘घोस्टस्क्रिप्ट’ ही मुक्त प्रणाली प्रसिद्ध केली. पीडीएफ तयार करणाऱ्या अनेक मोफत साधनांच्या पोटात आज तीच काम करते.

याउलट, सोयीचे साधे बटणसुद्धा बाजारात वाटाघाटीचा विषय कसा होतो ते २००६ मध्ये दिसले. मायक्रोसॉफ्टने आपल्या २००७ च्या ऑफिस प्रणालीत पीडीएफ करण्याची सोय देण्याचे ठरविले होते. ॲडोबीने हरकत घेतली आणि ती सोय मूळ प्रणालीतून काढून वेगळी उतरवून घेण्याजोगी ठेवण्यात आली. २००९ मध्ये ती पुन्हा आत आली. त्या काळातील संगणकावर हे बटण सापडले नाही तर त्याचे कारण यंत्राची अक्षमता हे नसून दोन कंपन्यांमधील तंटा हे असू शकते. मुक्त असलेल्या ओपन ऑफिस प्रणालीत मात्र २००३ पासून ही सोय होती.

घसाऱ्याचा तिसरा प्रकार

यंत्राचे मूल्य दोन प्रकारे घटते, असे मार्क्सने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात दाखविले आहे. एक, वापराने किंवा गंजाने होणारी भौतिक झीज. दुसरी, तेच यंत्र स्वस्तात तयार होऊ लागल्यामुळे किंवा अधिक चांगले यंत्र निघाल्यामुळे होणारी मूल्याची घट. संगणकाच्या व्यवहारात तिसरा प्रकार ठळकपणे दिसतो. यंत्र झिजलेले नसते. हाती असलेल्या कामापुरते अधिक चांगले यंत्र लागतही नसते. तरीही विक्रेता ते जुने झाल्याचे घोषित करतो. हा घोषित घसारा होय.

त्याची रीत दुहेरी आहे. पहिली म्हणजे फाईलचा साचा बदलणे. २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या लेखनप्रणालीचा साचा बदलला आणि जुन्या आवृत्तीत नव्या फाईली वेगळ्या जोडप्रणालीवाचून उघडेनाशा झाल्या. शेजाऱ्याने नवी प्रणाली घेतली की त्याची फाईल वाचण्यासाठी आपलीही बदलावी, हा दाब जाहिरातीपेक्षा प्रभावी ठरतो. दुसरी रीत म्हणजे आधार काढून घेणे. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला; शेवटच्या प्रसंगी काही अटींवर थोडी मुदतवाढ ठेवण्यात आली. विंडोज ११ साठी यंत्रात ठरावीक सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीचा प्रोसेसर असण्याची अट घातल्यामुळे चालू स्थितीतील असंख्य यंत्रे बाद ठरली. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ मध्ये त्यांची संख्या सुमारे २४ कोटी असेल असा अंदाज वर्तविला होता.

या घसाऱ्याचा खर्च विक्रेत्याच्या ताळेबंदात दिसत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला आणि त्यापैकी केवळ २२.३ टक्क्यांचे रीतसर संकलन व पुनर्चक्रीकरण झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा बराच मोठा भाग भारतासारख्या देशांत उघड्यावर तारा जाळणाऱ्या आणि आम्लात पट्ट्या बुडविणाऱ्या असंघटित मजुरांच्या फुप्फुसांवर आणि हातांवर येऊन पडतो. नफा एकीकडे आणि झीज दुसरीकडे, अशी ही विभागणी आहे.

घोषित घसाऱ्याला तोडगा आहे तो सार्वजनिक प्रमाणाचा. १९९० च्या दशकातील साधी पीडीएफ आजच्या संगणकावर उघडते आणि जुन्या संगणकावर नीट केलेली पीडीएफ आजचा छापखाना विनातक्रार स्वीकारतो. स्वतः ॲडोबीने आपल्या जुन्या अक्षरसाच्यांचा आधार जानेवारी २०२३ मध्ये नव्या कामासाठी काढून घेतला; परंतु त्याच साच्यांनी आधी बांधलेल्या पीडीएफ पूर्ववत दिसतात व छापताही येतात. जे सार्वजनिक प्रमाणात बांधले गेले, ते कंपनीच्या निर्णयाच्या कक्षेबाहेर गेले.

प्रत्यक्ष कृती

मुद्रणसज्ज फाईल करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला, लेखनप्रणालीतूनच थेट पीडीएफ काढणे. जुन्या यंत्रासाठी लिब्रे ऑफिस ही मोफत प्रणाली सर्वांत सोयीची. तिची ५.४ ही आवृत्ती विंडोज एक्सपीवरही चालते. ‘एक्स्पोर्ट ॲज पीडीएफ’ हा पर्याय निवडल्यावर जी खिडकी उघडते तीत संग्रहणासाठीच्या पीडीएफ-ए प्रमाणाचा चौकोन असतो. त्यावर खूण करावी. या प्रमाणात अक्षरसाचे फाईलमध्ये बांधणे बंधनकारक असल्याने ती बाब विसरली जात नाही.

दुसरा मार्ग आभासी मुद्रकयंत्राचा. प्रणालीला वाटते की मजकूर मुद्रकयंत्राकडे चालला आहे. प्रत्यक्षात घोस्टस्क्रिप्टसारखे साधन तो अडवून पीडीएफ करते. पीडीएफची सोय नसलेल्या जुन्या प्रणालींसाठी हा मार्ग उपयोगी आहे. येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. जुन्या विंडोजमध्ये मुद्रणाच्या खिडकीत ‘प्रिंट टू फाईल’ असा चौकोन असतो. त्याने तयार होणारी फाईल निवडलेल्या मुद्रकयंत्राच्याच भाषेत असते. ते यंत्र पोस्टस्क्रिप्ट जाणणारे नसेल तर छापखान्यास ती फाईल निरुपयोगी होय.

एक्सपी असलेल्या संगणकावर देवनागरीसाठी प्रादेशिक व भाषाविषयक पर्यायांत जाऊन जटिल लिप्यांची सोय आधी चालू करावी लागते. अन्यथा जोडाक्षरे जुळत नाहीत. अक्षरसाचा मुक्त परवान्याचा आणि मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ असलेला निवडावा आणि सर्व शाखांनी तोच वापरावा.

जुन्या यंत्राची खरी मर्यादा चित्रांपाशी येते. ए-४ आकाराचे, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचे पान इंचाला ३०० ठिपके या प्रमाणाने भरले तर सुमारे ८७ लाख ठिपके होतात. चार रंगांत ते चित्र स्मृतीत सुमारे ३ कोटी ४८ लाख बाइट व्यापते, एका रंगात त्याच्या चतुर्थांश. एकरंगी पत्रक ५१२ मेगाबाइट स्मृतीच्या यंत्रावर सहज होते. अनेक मोठ्या रंगीत छायाचित्रांची पुस्तिका त्यावर करण्याचा हट्ट धरू नये.

फाईल छापखान्यात देण्यापूर्वी चार गोष्टी तपासाव्यात. पानाचा आकार छापील आकाराएवढाच आहे ना, आणि कडेपर्यंत रंग असल्यास कापणीसाठी चारी बाजूंनी ३ मिलिमीटर जादा सोडले आहेत ना. वाचनप्रणालीतील गुणधर्मांच्या यादीत प्रत्येक अक्षरसाच्यापुढे तो बांधलेला असल्याची नोंद आहे ना. काळा मजकूर केवळ काळ्या शाईत आहे ना. तो चार रंगांत विभागला गेला तर बारीक अक्षरांना छटा येते. आणि तो अक्षरसाचा नसलेल्या दुसऱ्या संगणकावर फाईल उघडून ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द नीट दिसतो ना. त्यानंतर एक प्रत कागदावर काढून मुद्रितशोधन करावे. प्लेट झाल्यावर सापडलेली चूक वर्गणीच्या पैशातून दुरुस्त होते.

केरळचे उदाहरण

हे सर्व हौशी प्रयोगापुरतेच शक्य आहे, अशी शंका कोणी घेईल. केरळात भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे ‘जनयुगम्’ हे मल्याळम दैनिक निघते. २०१९ मध्ये या दैनिकाने कंपन्यांच्या मालकीच्या प्रणाली आणि जुने अक्षरसंकेत सोडून आपली पानजोडणी मुक्त प्रणालींवर आणली. संगणकांवर लिनक्स, पानजोडणीस स्क्रायबस, चित्रांसाठी गिंप आणि क्रिटा, आणि मजकूर युनिकोडमध्ये अशी ही रचना होती. दररोज ठरल्या वेळी छापखान्यात पाने द्यावी लागणाऱ्या वृत्तपत्राने हे केले, ही बाब महत्त्वाची आहे. भारतीय लिप्यांची जोडाक्षरे स्क्रायबसमध्ये पूर्वी नीट बसत नसत, १.५ मालिकेत ती सुधारणा झाली, आणि मूळ मजकूर खुला असल्यामुळेच ती बाहेरच्यांच्या सहकार्याने होऊ शकली. केरळच्या शासकीय शाळांतही २००१ मध्ये सुरू झालेल्या संगणकशिक्षण प्रकल्पाने पुढे मुक्त प्रणालींचाच मार्ग धरला. अर्थात तेथे प्रशिक्षणावर श्रम व वेळ खर्च झाला. फुकट मिळालेली प्रणाली शिकण्याचे कष्ट वाचवीत नाही.

मर्यादा आणि कर्तव्य

या युक्तिवादाच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. आधार संपलेला संगणक इंटरनेटला जोडणे धोक्याचे आहे. सभासदांच्या याद्या आणि दूरध्वनी क्रमांक त्यावर ठेवू नयेत. तो लेखन व पानजोडणीपुरता, जोडणीविना वापरावा आणि फाईल पेन ड्राईव्हवरून तपासून न्यावी; अथवा त्यावर हलकी लिनक्स प्रणाली बसवावी. पीडीएफ हा आवळलेला फर्मा असल्याने त्यात दुरुस्ती करणे कठीण असते. म्हणून मूळ फाईल नेहमी सोबत जपावी. आणि प्रमाण सार्वजनिक झाले म्हणून प्रणाली सार्वजनिक झाल्या असे होत नाही. ज्या प्रणालींचे भाडे दरमहा भरावे लागते त्या त्याच प्रमाणावर आपला नफा उभारीत आहेत.

तरीही जे हाती आहे ते सोडून देण्याचे कारण नाही. प्रत्येक शाखेने एक जुना संगणक कामापुरता उभा करावा. किमान तिघांना मुद्रणसज्ज फाईल करता आली पाहिजे, आणि त्यांत एक तरी तरुण कार्यकर्ती असावी. म्हणजे एकाच्या गैरहजेरीत पत्रक अडणार नाही. प्रत्येक पत्रकाची मूळ फाईल आणि पीडीएफ तारखेसह जतन करावी. जुन्या अक्षरसंचांत अडकलेले साप्ताहिकांचे अंक, ते संच असलेली यंत्रे चालू आहेत तोवरच पीडीएफ करून घ्यावेत. ती यंत्रे भंगारात गेली तर तो मजकूर वाचणे फार अवघड होईल, आणि चळवळीच्या एका कालखंडाचा पुरावा त्यांच्याबरोबर जाईल.

उत्पादनसाधनांच्या सामाजिक मालकीची घोषणा सभेत देणे सोपे आहे. ज्या साधनांच्या बाबतीत ती मालकी अंशतः का होईना प्रत्यक्षात आली आहे, ती साधने तरी न वापरता धूळ खात ठेवू नयेत. पुढील पत्रकापासून याला आरंभ करता येईल.